झाडापुढे हँडपास नाही

मुरलीधर पाठारेच्या रजेच्या अर्जावर सहीच्या दोन चौकटी होत्या, आणि गेला महिनाभर त्यांतली एक भरली की दुसरी हटकून रिकामी राहत होती. जनरल मॅनेजर डोलनसाहेबांनी आधी सही केली, तर ऑपरेशन्स मॅनेजर मॅकगर्कसाहेब "आत्ता माणूस सोडता येणार नाही" असं म्हणून अर्ज परत पाठवत. मॅकगर्कनी आधी केली, तर डोलन तो अर्ज कपबशीखाली घालत. शेवटी मुरलीधरने दोन प्रती काढून दोघांकडे एकाच वेळी पाठवल्या. दोन्ही परत आल्या. दोन्हीवर एकच शेरा होता: "दुसऱ्याची सही झाल्यावर आणणे."

"तुमच्या साहेबांना सही करायला पेन लागतं की मुहूर्त?" मंजुषाने विचारलं. तिच्या धाकट्या भावाचं, सुजीतचं, पाच डिसेंबरला साताऱ्याला लग्न होतं. ती एकुलती एक बहीण, म्हणजे करवली. अल मनखूलच्या दोन खोल्यांत तीन सुटकेसा उघड्या पडल्या होत्या आणि येताजाता मुरलीधर त्यांना अडखळत होता. "एअर इंडियावाला वीस तारखेपर्यंतच बुकिंग ठेवणार आहे. नंतर मी एकटी शुभ्राला घेऊन जाईन, आणि जो विचारेल त्याला सांगेन, जावयाला फुटबॉलमुळे रजा नाही."

हे मात्र खरं होतं. सगळं फुटबॉलमुळेच झालं होतं, आणि तेही आपल्याला माहीत असलेल्या फुटबॉलमुळे नव्हे.

मुरलीधरची कंपनी जबल अलीला होती. एसीचे पत्र्याचे डक्ट बनवायची. वरचे दोन्ही साहेब आयरिश, आणि दोघांचा जीव त्यांच्या देशी फुटबॉलमध्ये अडकलेला. या खेळात चेंडू पायानेही मारता येतो आणि हातानेही. हाताने म्हणजे फेकायचा नाही, मूठ किंवा पंजा मारून पुढच्याकडे पाठवायचा. त्याला म्हणायचं हँडपास. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. चेंडू दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. दुबईतल्या आयरिश मंडळींचा एक क्लब होता. डोलन त्याचे अध्यक्ष, मॅकगर्क कप्तान. क्लबचा पत्रव्यवहार अर्थातच मुरलीधरकडे.

डोलन केरीचे. त्यांच्याकडे चेंडू उंच उडी मारून झेलायचा आणि लांब लाथाडायचा, याला खेळ म्हणत. मॅकगर्क उत्तरेकडच्या टिरोनचे. ते म्हणत, चेंडू हातोहात, माणसामाणसातून न्यायचा, समोरच्याला हात लावू द्यायचा नाही. गेल्या मोसमात मॅकगर्कच्या संघाने अबू धाबीविरुद्ध लागोपाठ चाळीस हँडपास केले, त्यातले निम्मे मागच्या मागे, आणि सामना एका गुणाने घालवला. डोलननी कडेला उभं राहून ते मोजले होते. "हा फुटबॉल आहे की गरम बटाटा?" असं ते सगळ्यांसमोर ओरडले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच मजल्यावर समोरासमोर केबिन असून ते एकमेकांना मेमो पाठवत, आणि तो नेऊन द्यायचा मुरलीधरने.

ऑक्टोबरच्या शेवटी डोलननी निकराचं पाऊल उचललं. नोव्हेंबरातल्या अबू धाबीच्या सामन्यासाठी त्यांनी स्वतःच्या अधिकारात एक प्रायोगिक नियम काढला. लागोपाठ तीन हँडपास झाले की चौथ्याला चेंडू लाथाडलाच पाहिजे. दुपारी अडीच वाजता त्यांनी मुरलीधरला बोलावलं आणि खिडकीकडे तोंड करून मजकूर सांगायला सुरुवात केली.

"नो हँडपासिंग आफ्टर ट्री. आफ्टर ट्री, इट मस्ट बी किक्ड."

आता डोलनच्या तोंडी 'थ्री' म्हणजे कायम 'ट्री' असे. सहा वर्षं त्यांच्याकडे नोकरी केलेल्या मुरलीधरला हे पाठ होतं. बिलात 'टर्टी-ट्री' आलं की तो डोळे मिटून तेहेतीस लिहायचा. पण हे बिल नव्हतं, हे मैदान होतं. आणि मैदानावर खरोखरच एक झाड होतं. पार्किंगच्या बाजूला, बरोबर मधल्या रेषेशी, एक जुना कडुनिंब. दर शुक्रवारी मुरलीधर त्याच्याच सावलीत पाण्याचे खोके आणि खेळाडूंच्या बॅगा राखत बसायचा. त्यातून त्याचं अर्धं लक्ष सुटकेसांत होतं. झाडापुढे हँडपास नाही, झाडापुढे लाथच मारायची, हे त्याला अगदी सरळ वाटलं.

शिवाय मुरलीधर नुसता टंकलेखक नव्हता. आपल्या हातून गेलेल्या कागदात संदिग्ध काही राहू नये, हा त्याचा बाणा. त्याने इंग्रजीत व्यवस्थित टाईप केलं: "झाडापर्यंत कितीही हँडपास करण्यास मुभा आहे. झाड ओलांडल्यानंतर हँडपास करता येणार नाही, चेंडू लाथाडणे बंधनकारक राहील. झाड म्हणजे मैदानाच्या पार्किंगकडील बाजूचा कडुनिंब समजावा."

डोलन कागद वाचून सही करत नसत. वाचायचं असतं तर तुला कशाला ठेवला असता, असं त्यांचं म्हणणं. सही झाली. फॅक्स अबू धाबीला गेला. एक प्रत मॅकगर्कच्या टेबलावर गेली, एक फायलीत.

संध्याकाळी मुरलीधरने तो कागद घरी आणला होता. शुभ्रा सातवीत होती आणि बाबांच्या इंग्रजीतल्या चुका काढणं हा तिचा लाडका उद्योग होता.

"बाबा, व्हाय इज देअर अ नीम ट्री इन द रूल्स?"

"अगं, साहेबांनी सांगितलं तसं लिहिलं. आफ्टर ट्री."

शुभ्राने त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, इज युवर बॉस आयरिश?"

"हो. का?"

"अवर पीटी मिस इज आयरिश. शी मेक्स अस रन ट्री राउंड्स." आणि तिने तीन बोटं वर केली.

मुरलीधर त्या तीन बोटांकडे बघत राहिला. मग मटकन सुटकेसमध्येच बसला. मंजुषाची इस्त्री केलेली पैठणी त्याच्याखाली चुरगळली, आणि त्याबद्दल त्याला जे ऐकावं लागलं त्यातला एकही शब्द त्याच्या कानात शिरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये त्याने कबुलीजबाब पाठ केला. सर, अ स्मॉल मिस्टेक हॅज हॅपन्ड. पण ऑफिसात पाऊल टाकतो तोच मॅकगर्कनी त्याला दंडाला धरून केबिनमध्ये ओढलं आणि दार लावलं.

"मर्ली, हे डोलन बोलला? त्याच्या तोंडाने?"

"सर, म्हणजे... डिक्टेट त्यांनीच केलं, पण..."

"अर्धं मैदान!" मॅकगर्कनी कागद त्याच्यापुढे फडकवला. "मला वाटलं होतं म्हातारा हँडपास मुळापासून उपटणार. मी संघ काढून घेण्याचं पत्रसुद्धा लिहून ठेवलं होतं." त्यांनी खणातून ते पत्र काढलं आणि फाडलं. "आणि त्याने मला मागचं अर्धं मैदान दिलं. कितीही हँडपास! केरीचा माणूस असं लिहितो म्हणजे त्याला रात्र रात्र झोप लागली नसेल." मग त्यांची नजर मुरलीधरच्या हातातल्या अर्जाकडे गेली. "काय आहे ते? रजा? आण इकडे."

सही झाली. मुरलीधरचं "पण सर" तोंडातच राहिलं.

तो तसाच डोलनच्या केबिनकडे निघाला. ते कागद समोर धरून बसले होते. यावेळी त्यांनी वाचला होता.

"सर, अ स्मॉल..."

"थांब." डोलननी हात वर केला. "तू टाईप करत होतास तेव्हा मॅकगर्क तुझ्या टेबलाशी आला होता, हो ना? नको, उत्तर देऊ नकोस. मला जाणून घ्यायचं नाही." ते उठून खिडकीशी गेले. "धूर्त आहे. पण बघ, पुढच्या अर्ध्या मैदानात त्याने लाथ मान्य केली. टिरोनच्या माणसाने! माझ्या आयुष्यात मी हे बघेन असं मला वाटलं नव्हतं."

"सर, माझ्या रजेचं..."

"सामना झाल्यावर. सामना नीट होऊ दे, लगेच करतो."

मुरलीधर बाहेर आला तो स्टोअरमध्ये अन्वरभाईंपाशी. अन्वरभाई रत्नागिरीचे, वीस वर्षं दुबईत. त्यांचाही रजेचा अर्ज ईदपासून त्याच दोन चौकटींत अडकला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पत्र्याच्या शीटवर बसले आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

"म्हणजे ह्याला वाटतं त्याने केला, त्याला वाटतं ह्याने केला?"

"हो ना. आणि खरं कळलं तर दोघे मिळून मला पुढच्या विमानात बसवतील. वन वे."

"मुरलीभाऊ, तोंड शिवून टाका. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आज दोघं एकाच मशीनचा चहा प्याले, मी बघितलं. तुमच्या त्या झाडावर आता अख्ख्या ऑफिसची रजा टांगलेली आहे. सामना होईपर्यंत सांभाळा, मग खलास."

सांभाळणं सोपं नव्हतं. अबू धाबीहून फॅक्स आला: झाड म्हणजे खोड धरायचं की फांद्या? फांद्या धरायच्या तर कुठल्या बाजूच्या? मुरलीधरने नकाशा काढून उत्तर पाठवलं, खोडाच्या मध्यापासून काटकोनात. दुसरा फॅक्स आला: झाड नीट दिसत नसेल तर खेळाडूने काय करावं? डोलन आणि मॅकगर्कनी यावर एकत्र बसून विचार केला (एकत्र बसून!) आणि ठरवलं की मुरलीधरने पांढरा कोट घालून झाडाखाली लाल निशाण घेऊन उभं राहायचं. चेंडू झाडापुढे गेला की निशाण वर.

"या वाक्याची भाषा तुझ्याइतकी कोणाला कळते?" मॅकगर्क म्हणाले.

सामना शुक्रवारी सकाळी होता. बुधवारी दुपारी अन्वरभाई पिकअप घेऊन रेषा आखायला गेले आणि तिथल्या टपरीवरून त्यांनी फोन केला. "मुरलीभाऊ, लवकर या. झाडाला दोर बांधलाय."

मैदान ज्यांचं होतं त्यांनी पार्किंग वाढवायचं ठरवलं होतं. मुरलीधर टॅक्सीने पोचला तेव्हा कडुनिंबाभोवती गुडघाभर खड्डा खणून झाला होता आणि मोहिद्दीन नावाचा हैदराबादी फोरमन चार माणसांसह जेसीबीची वाट बघत होता.

"भाईसाब, ये झाड नहीं काटने का!" मुरलीधर धापा टाकत म्हणाला.

"नको बोलो साब. पेपर है मेरे पास."

"परसों तक रुको. फक्त परसों तक. परसों इसका मॅच है."

मोहिद्दीनने झाडाकडे पाहिलं. "झाड का मॅच है?"

मुरलीधरने त्याला समजावून सांगितलं. दोन साहेब, तीन म्हणजे ट्री, ट्री म्हणजे झाड, मेहुण्याचं लग्न. अन्वरभाईंनंतर पहिल्यांदाच तो कुणाला सगळं खरं सांगत होता, आणि तेही उन्हात, खड्ड्यात उभं राहून, अनोळखी माणसाला. मोहिद्दीनने टोपी काढून डोकं खाजवलं.

"मेरे कू भी दो साल हो गए घर जा के," तो म्हणाला. "शुक्रवार को मैं भी आता देखने. पण शनिवार को पेपर का काम पेपर के हिसाब से."

शुक्रवारी हवा झकास होती. बायकामुलं चादरी अंथरून बसली होती. मंजुषा आणि शुभ्राही आल्या होत्या, कारण नवऱ्याला लाल निशाण धरून उभं राहायला कितपत जमतं ते मंजुषाला स्वतः पाहायचं होतं. पांढऱ्या कोटात मुरलीधर एखाद्या दवाखान्यातला कंपाउंडर दिसत होता.

आणि खेळ सुरू झाल्यावर जे झालं त्याची कुणालाच कल्पना नव्हती. झाडापर्यंत मॅकगर्कची माणसं चेंडू हातोहात अशी आणत की समोरच्याला वासही लागू नये. झाड ओलांडलं, मुरलीधरचं निशाण वर गेलं, की धाडकन लाथ, चेंडू आभाळात, आणि खाली चार जण उडी मारून झेलायला तयार. मागे टिरोन, पुढे केरी. अबू धाबीच्या लोकांनाही ते जमू लागलं. चादरींवरची माणसं उभी राहिली. डोलन कडेने वेड्यासारखे धावत होते आणि प्रत्येक लाथेला स्वतःही हवेत लाथ मारत होते. मोहिद्दीनला नियम पंधरा मिनिटांत कळला. चेंडू झाडाशी आला की तो खड्ड्याच्या काठावरून ओरडे, "लात! लात!"

शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा गुण बरोबरीत होते. मॅकगर्क चेंडू घेऊन झाडाशी आले. एक पाय अलीकडे, एक पलीकडे. दोन जण अंगावर आले तशी त्यांनी मूठ मारली. चेंडू उंच उडाला, कडुनिंबाच्या फांदीत शिरला, क्षणभर तिथेच अडकला, आणि मग पानांसकट मुरलीधरच्या पायाशी पडला.

शिट्टी वाजली. अबू धाबीचे अकरा जण "फाउल!" म्हणून ओरडत आले. दुबईचे अकरा जण "नो!" म्हणून आले. रेफरी बँकेत नोकरी करणारा एक तरुण आयरिश होता. त्याने खिशातून नियमाचा कागद काढला, दोनदा वाचला आणि मुरलीधरपुढे धरला.

"सेक्रेटरी, झाडाला लागला तर काय, हे यात नाही."

फाउल दिला तर मॅकगर्क विचारणार, असला नियम लिहिला कुणी. नाही दिला तर अबू धाबीवाले लेखी तक्रार करणार, फाईल उघडणार आणि तोच प्रश्न विचारणार. दोन्ही वाटांच्या शेवटी मुरलीधरच उभा होता. समोर डोलन. शेजारी मॅकगर्क, धापा टाकत. पलीकडे चादरीवर मंजुषा, कमरेवर हात ठेवून.

"सर," मुरलीधर म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. "सर, द ट्री इज न्यूट्रल."

रेफरीने कागद खाली घेतला.

"झाड कुणाच्याच बाजूचं नाही. म्हणून चेंडूही कुणाचा नाही. दोघांच्या मधे उडवा."

रेफरीने डोलनकडे पाहिलं. डोलननी मॅकगर्ककडे. मॅकगर्कनी अबू धाबीच्या कप्तानाकडे, आणि त्या सज्जन माणसाने खांदे उडवले. "फेअर इनफ."

चेंडू दोघांच्या मधे उडवला गेला. मॅकगर्कनी बेचाळिसाव्या वर्षी जी उडी घ्यायला नको ती घेतली आणि चेंडू झेलून झाडापलीकडे उतरले. मुरलीधरचं निशाण वर गेलं. मॅकगर्कची मूठ सवयीने उचलली गेली, डावीकडे एक माणूस हात पसरून उभाही होता. पण मागून मोहिद्दीन ओरडला, "लात!" मॅकगर्कनी डोळे मिटले आणि लाथ मारली.

चाळीस मीटर. दांडीवरून, मधोमध.

डोलन मैदानात घुसले आणि त्यांनी मॅकगर्कना मिठी मारून जमिनीवरून उचललं. "लाथ मारलीस! अरे गाढवा, लाथ मारलीस!" दोघेही रडत होते की काय ते मुरलीधरला नीट दिसलं नाही. तो कोटाच्या खिशातून रजेचा अर्ज काढत होता. डोलननी तो मोहिद्दीनच्या पाठीवर ठेवून सही केली, आणि अन्वरभाईंनी मागून आपलाही अर्ज पुढे केला तेव्हा त्यावरही केली. मॅकगर्कनी तर दोन्हीवर केली. मुरलीधरच्या अर्जावर त्यांची आता दोनदा सही होती.

शनिवारी सकाळी डोलननी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावायला सांगितलं.

"मर्ली, मी 'तीन' म्हणालो होतो."

"सर, आय ॲम व्हेरी..."

"कागद वाचला तेव्हाच मला कळलं होतं. तुला हाकच मारणार होतो. पण आदल्या संध्याकाळी माझी बायको फोनवर म्हणाली होती, त्या मॅकगर्कशी बोल, तो एकटा राहतो, त्याला तुझ्याशिवाय भांडायलाही कोणी नाही." डोलन पेनाशी चाळा करत होते. "मला कारण हवं होतं. ते तू टाईप करून आणलंस. त्याला वाटतं ते मी दिलं, वाटू दे. त्याला सांगू नकोस."

"नाही सर."

मुरलीधर बाहेर आला. समोरचं दार किलकिलं झालं आणि मॅकगर्कनी बोटाने खूण केली.

"मर्ली, एक सांगतो. 'झाड म्हणजे पार्किंगकडील बाजूचा कडुनिंब समजावा.' डोलन हे वाक्य मेला तरी लिहिणार नाही. त्याला कडुनिंब माहीत नाही आणि पार्किंग कुठल्या बाजूला आहे हेही माहीत नाही. ते तुझं इंग्रजी आहे."

"सर, मग त्याच दिवशी तुम्ही..."

"म्हाताऱ्याला वाटलं पाहिजे की नियम त्याचाच समजून मी फसलो. त्याला फार बरं वाटतं त्याने." मॅकगर्कनी दार लोटता लोटता आवाज खाली आणला. "त्याला सांगू नकोस."

मुंबईच्या विमानात शुभ्रा खिडकीशी झोपली, तेव्हा मुरलीधरने ही सगळी हकीकत मंजुषाला पहिल्यापासून सांगितली. ती कधी नव्हे ते मधे न बोलता ऐकत राहिली.

"म्हणजे दोघांनाही माहीत होतं?"

"दोघांनाही. फक्त दुसऱ्याला माहीत आहे हे माहीत नाही."

"आणि तुम्ही पंधरा दिवस झोपला नाहीत."

"नाही."

मंजुषाने पर्समधून पत्रासोबत आलेला एक कागद काढून त्याच्या हातात दिला. सुजीतच्या लग्नाच्या आहेराची, पानसुपारीची आणि मानपानाची यादी होती ती, तिच्या वडिलांच्या अक्षरात.

"माझ्या बाबांचं आणि काकांचं पत्रिकेतल्या नावावरून बिनसलंय. काका लग्नाला येणार नाहीत म्हणतात. ही यादी काकांकडे जायची आहे. बाबांनी सांगितलंय, साताऱ्याला पोचलात की जावयांकडून नीट टाईप करून घ्या." ती त्याच्याकडे वळली. "अहो, टाईप करताना काहीतरी चुका ना."

"काय चुकू?"

"ते मला काय माहीत? साहेबांच्या वेळी काय चुकायचं ते ठरवून बसला होतात का?"

मुरलीधरने यादी चष्म्याजवळ धरून वाचली. सासऱ्यांचं अक्षर चांगलं होतं. एकही शब्द संदिग्ध नव्हता. त्याने आणखी एकदा, सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचली, आणि खिन्नपणे मान हलवली.

"छे," तो म्हणाला. "मुद्दाम मला नाही जमायचं."